उसना ग्रंथ आणि परवान्याचा ग्रंथ

हस्तलिखित पोथ्यांच्या काळी पोथी लिहून पुरी झाली म्हणजे लेखनिक शेवटच्या पानावर एक विनवणी लिहून ठेवीत असे. पोथीला तेलापासून जपावे, पाण्यापासून जपावे, तिची बांधणी सैल होऊ देऊ नये आणि अजाणाच्या हाती ती पडू देऊ नये, असा त्या विनवणीचा आशय असे. पोथी तयार करावयास महिने लागत, आणि ती गेली की गेली. म्हणून पोथी उसनी देणे हे मोठ्या विश्वासाचे काम मानले जाई. आज पडद्यावर वाचल्या जाणाऱ्या ई-पुस्तकाला यांपैकी एकाही शत्रूचे भय नाही. त्याला तेलाचा डाग पडत नाही, पाणी लागत नाही, कसर खात नाही. त्याची प्रत दुसऱ्याला दिली तरी मूळची प्रत जागच्या जागी राहते. असे पुस्तक उसने देणे ही ग्रंथालयांच्या दृष्टीने सर्वांत सुलभ गोष्ट व्हावयास हवी होती. प्रत्यक्षात नेमके उलट घडले. कागदी पुस्तक वाचकाच्या हाती देताना ज्या अडचणी ग्रंथालयांना कधी जाणवल्या नाहीत, त्या ई-पुस्तक देताना पदोपदी जाणवू लागल्या. याचे कारण यंत्रात नाही. ते कायद्यात आणि ग्रंथव्यापाराच्या इतिहासात आहे.

ग्रंथालयाने पुस्तक विकत घ्यावे, त्यावर शिक्का मारावा, नोंदवहीत ते चढवावे आणि वाचकाला घरी न्यावयास द्यावे, हा क्रम इतका अंगवळणी पडलेला आहे की, त्यामागे काही कायदेशीर अधिकार आहे हे सहसा कोणाच्या ध्यानातही येत नाही. हा अधिकार स्पष्ट शब्दांत सांगितला गेला तो अमेरिकेतील एका खटल्यामुळे. बॉब्स-मेरिल या प्रकाशनसंस्थेने १९०४ साली हॅली अर्मिनी राइव्ह्‌ज या लेखिकेची ‘द कास्टअवे’ ही कादंबरी प्रसिद्ध केली आणि तिच्या आत एक सूचना छापली. पुस्तकाची किंमत एक डॉलर आहे; कोणत्याही विक्रेत्याने ते याहून कमी किमतीस विकल्यास तो कॉपीराइटचा भंग समजला जाईल, असे त्या सूचनेत बजावले होते. न्यू यॉर्कमधील मेसी या मोठ्या दुकानाने ती कादंबरी ८९ सेंटांस विकली. प्रकाशकांनी दावा लावला, आणि १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो दुकानदाराच्या बाजूने. पुस्तकाची प्रत एकदा विकली गेली की त्या प्रतीच्या पुढील विक्रीवर प्रकाशकाचा हुकूम चालत नाही, असे न्यायालयाने ठरविले. पुढच्याच वर्षी, १९०९ च्या कॉपीराइट कायद्यात हे तत्त्व नमूद झाले. ‘पहिल्या विक्रीचे तत्त्व’ या नावाने ते ओळखले जाते.

अकरा सेंटांच्या या भांडणात ग्रंथालयाचा कोठे उल्लेखही नव्हता. तरीही सार्वजनिक ग्रंथालयाची सारी इमारत याच तत्त्वावर उभी आहे. पुस्तकातील मजकुराचे हक्क लेखकाकडे किंवा प्रकाशकाकडे राहतात. परंतु हातातील प्रत ही तिच्या मालकाची असते. ती त्याने विकावी, दान द्यावी अथवा उसनी द्यावी. भारतीय कायद्यातही हा भेद आढळतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या चौदाव्या कलमाचे आज जे रूप आहे, त्यानुसार ग्रंथाच्या प्रती लोकांत प्रसृत करण्याचा हक्क कॉपीराइटच्या धन्याकडे असला, तरी आधीच प्रचारात आलेल्या प्रतींना तो लागू नाही.

हे स्वातंत्र्य किती मोलाचे होते, याचे उदाहरण बडोद्यास पाहावयास मिळते. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले होते. पण शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाच्या हाती पुढे पुस्तक पडले नाही, तर शिकलेली अक्षरे पुसली जातील, हेही त्यांनी ओळखले होते. अमेरिकेतील मोफत ग्रंथालये त्यांनी स्वतः पाहिली होती. त्यांनी तेथील विल्यम ॲलन्सन बोर्डन या ग्रंथपालास १९१० साली बडोद्यास बोलावून घेतले. बोर्डन यांच्या सुमारे तीन वर्षांच्या कारकिर्दीत मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसली, ग्रंथपालांचे शिक्षण सुरू झाले, आणि लाकडी पेट्यांतून खेडोपाडी जाणारी फिरती ग्रंथालये निघाली. पेटी एका गावी जाई, तेथील लोक पुस्तके वाचीत, आणि मग ती परत येऊन दुसऱ्या गावी रवाना होई. त्या पेटीतील पुस्तक दहा जणांनी वाचले की शंभरांनी, याचा हिशेब प्रकाशकाला द्यावा लागत नव्हता. पेटी कोणत्या गावी पाठवावी, याची परवानगी कोणाला विचारावी लागत नव्हती. पुस्तके राज्याची होती, आणि ती उसनी देणे हा राज्याचा अधिकार होता.

याचा अर्थ ग्रंथालये आणि प्रकाशक यांच्यात पूर्वी कलह नव्हता, असा मात्र नाही. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये चार्ल्स एडवर्ड म्यूडी यांचे वर्गणीवर चालणारे ग्रंथालय विख्यात होते. १८४२ साली सुरू झालेल्या या संस्थेत वर्षाला एक गिनी वर्गणी भरली की वाचकास एका वेळी एक खंड नेता येई. त्या काळी कादंबऱ्या तीन खंडांत निघत आणि त्यांची किंमत साडेएकतीस शिलिंग असे. एवढी किंमत सामान्य वाचकास परवडत नसे. म्हणून तो म्यूडींकडे जाई. एका कादंबरीचे तीन खंड एकाच वेळी तीन वाचकांकडे देता येत, म्हणून म्यूडींनाही त्या रचनेत लाभ होता. म्यूडी शेकड्यांनी प्रती घेत, त्यामुळे त्यांच्या नापसंतीचे भय लेखकांना व प्रकाशकांना वाटे. पुढे, १८९४ साली, म्यूडी आणि डब्ल्यू. एच. स्मिथ या दोन संस्थांनी प्रकाशकांना कळविले की, यापुढे एका खंडास चार शिलिंगांहून अधिक किंमत मिळणार नाही, आणि स्वस्त आवृत्ती वर्षाच्या आत काढता कामा नये. तीन खंडांची कादंबरी त्यानंतर काही वर्षांतच नामशेष झाली. त्या काळी अटी घालीत होते ते ग्रंथालय, आणि मुकाट्याने ऐकत होते ते प्रकाशक.

लेखकांची तक्रारही जुनी आहे आणि ती निराधार नाही. एक प्रत विकली जाते, ती शेकडो जण वाचतात, आणि लेखकाच्या पदरी एकाच प्रतीचे मानधन पडते. या तक्रारीवर डेन्मार्कने १९४६ साली तोड काढली. ग्रंथालयातील पुस्तकांपोटी सरकारने लेखकांना मोबदला द्यावा, असे तेथे ठरले. ब्रिटनमध्ये कादंबरीकार जॉन ब्रॉफी यांनी १९५१ साली, ग्रंथालयातून नेलेल्या प्रत्येक पुस्तकामागे वाचकाने एक पेनी द्यावी, अशी सूचना केली. ती तशी मान्य झाली नाही; परंतु त्या चळवळीतून १९७९ चा कायदा झाला आणि १९८४ पासून लेखकांना सरकारी निधीतून रकमा मिळू लागल्या. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या तडजोडीत लेखकाला मोबदला मिळाला, पण ग्रंथालयाच्या मालकीला धक्का लागला नाही. पुस्तक उसने द्यावे की नाही, हा प्रश्नच कोणी उपस्थित केला नाही.

तो प्रश्न उपस्थित झाला ई-पुस्तकामुळे. इलिनॉय विद्यापीठातील मायकेल हार्ट यांनी १९७१ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर टंकित करून तो सर्वांस खुला केला, तेव्हा या प्रकाराचा आरंभ झाला. जुन्या, हक्कमुक्त ग्रंथांच्या बाबतीत अडचण नव्हती आणि आजही नाही. चालू काळातील ई-पुस्तके वाचकांस उसनी देण्याची व्यवस्था २००३ साली ओहायो राज्यातील क्लीव्हलँड येथील सार्वजनिक ग्रंथालयाने ओव्हरड्राइव्ह या स्थानिक कंपनीच्या साहाय्याने सुरू केली. २००७ साली ॲमेझॉनचे किंडल हे वाचनयंत्र बाजारात आले आणि ई-पुस्तकाचा व्यापार झपाट्याने वाढला. तेथून पुढे ग्रंथालय आणि प्रकाशक यांच्यातील जुने नाते पालटले.

पालटण्याचे मूळ एका तांत्रिक भेदात आहे. कागदी पुस्तक एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते, तेव्हा नवी प्रत निर्माण होत नाही. ई-पुस्तक एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जाते, तेव्हा तेथे एक नवी प्रत तयार होते. आणि प्रत करण्याचा हक्क तर कायद्याने प्रकाशकाकडे राखून ठेवलेला आहे. अमेरिकेत रीडिजी नावाच्या कंपनीने विकत घेतलेली गाणी पुन्हा विकण्याची सोय केली होती. तिच्याविरुद्धच्या खटल्यात २०१८ साली अपील न्यायालयाने हाच युक्तिवाद मान्य केला. पहिल्या विक्रीचे तत्त्व हे अशा रीतीने कागदापाशीच थांबले. शिवाय प्रकाशक ई-पुस्तक ग्रंथालयाला बहुधा विकतच नाहीत. ते वापरण्याचा परवाना देतात. परवान्याच्या अटी प्रकाशक ठरवितो. ज्याची मालकी आपल्याकडे नाही ती वस्तू उसनी द्यावयाची, तर धन्याच्या अटीवरच ती द्यावी लागणार, हे उघड आहे.

या अटी कशा होत्या हे पाहण्यासारखे आहे. पहिली अट, एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक. एक ई-पुस्तक हजार जणांना एकाच क्षणी देणे यंत्राला शक्य असताना, कागदी पुस्तकाप्रमाणे वाचकांची रांग लावावी लागली. ही अट ग्रंथालयांनी मानली, कारण तिच्यात एक प्रकारची समता होती. परंतु मार्च २०११ मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने नवा नियम केला. एक ई-पुस्तक २६ वेळा उसने दिले गेले की परवाना संपेल, आणि ग्रंथालयाने तो पुन्हा विकत घ्यावा. दोन आठवड्यांची मुदत धरली तर २६ वेळांचे एक वर्ष होते. कागदी पुस्तकही वापराने जीर्ण होते आणि पुन्हा घ्यावे लागते, असे समर्थन करण्यात आले. त्यावर ग्रंथपालांनी आपल्या फडताळांतील जुनी पुस्तके दाखवून उत्तर दिले. २६ पेक्षा कितीतरी अधिक वेळा घरोघर जाऊन आलेली पुस्तके तेथे धडधाकट उभी होती. जे पुस्तक झिजतच नाही, त्याला अशी झीज कराराने लावून देण्यात आली, हे येथील वैशिष्ट्य होय.

इतर प्रकाशकांनी वेगवेगळे मार्ग पत्करले. पेंग्विनने २०१२ साली ओव्हरड्राइव्हशी असलेला संबंध तोडला. रँडम हाउसने त्याच वर्षी ग्रंथालयांसाठी किमती मोठ्या प्रमाणात वाढविल्या. सायमन अँड शूस्टर आणि मॅकमिलन यांनी २०१३ पर्यंत ग्रंथालयांना ई-पुस्तके दिलीच नाहीत. २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत अनेक मोठ्या संस्थांनी दोन वर्षांच्या मुदतीचा परवाना हा सामान्य नियम केला. पुस्तक एकदाही वाचले गेले नाही, तरी दोन वर्षांनी ते सूचीतून नाहीसे व्हावयाचे. साध्या ग्राहकाला जे ई-पुस्तक पंधरा डॉलरांच्या आत-बाहेर मिळते, त्याच्या अशा परवान्यास ग्रंथालयाकडून पुष्कळदा त्याच्या तिप्पट-चौपट रक्कम घेतली जाऊ लागली.

नोव्हेंबर २०१९ मध्ये मॅकमिलनने आणखी एक पाऊल पुढे टाकले. नवे पुस्तक निघाल्यापासून पहिले आठ आठवडे संपूर्ण ग्रंथालयव्यवस्थेस, मग ती कितीही मोठी असो, त्याची एकच ई-प्रत मिळेल, असे त्या संस्थेने जाहीर केले. ग्रंथालयात फुकट वाचावयास मिळते म्हणून वाचक पुस्तक विकत घेत नाहीत, असे तिचे म्हणणे होते. म्यूडींच्या काळी स्वस्त आवृत्तीस वर्षभर थांबवीत होते ते ग्रंथालय. सव्वाशे वर्षांनी ग्रंथालयालाच थांबवीत होता तो प्रकाशक. अमेरिकेतील अनेक ग्रंथालयांनी मॅकमिलनची ई-पुस्तके घेण्याचे बंद केले आणि ग्रंथालयसंघाच्या आवेदनावर लाखो वाचकांनी सह्या केल्या. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीने ग्रंथालयांची दारे बंद झाली, तेव्हा संस्थेने तो नियम मागे घेतला.

प्रकाशकांच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. कागदी पुस्तकासाठी ग्रंथालयापर्यंत जावे लागते, ते वेळेवर परत करावे लागते. एवढ्या खटाटोपापेक्षा विकत घेणे बरे, असे ज्यांना वाटते ते ग्राहक होतात. ई-पुस्तक घरबसल्या मिळते आणि मुदत संपताच आपोआप परत जाते. विकत घेणे आणि उसने आणणे यांतील अंतर असे नाहीसे झाले, तर लेखक आणि प्रकाशक यांनी जगावे कशावर, हा प्रश्न खोटा नाही. परंतु त्या प्रश्नाचे जे उत्तर सध्या प्रचारात आहे, त्यात ग्रंथालयाचा संग्रह हा संग्रहच उरत नाही. कॅन्सस राज्याच्या ग्रंथालयाने २०११ साली आपला ई-पुस्तकांचा पुरवठादार बदलावयाचे ठरविले, तेव्हा आपण पैसे मोजून घेतलेली पुस्तके आपली आहेत, असे त्याने म्हटले. तरीदेखील ती पुस्तके दुसऱ्या व्यवस्थेत हलविण्यासाठी त्याला एकेका प्रकाशकाची परवानगी मागावी लागली. अनेकांनी ती दिली, हा त्यांचा चांगुलपणा. पण आपल्या फडताळातील पुस्तक दुसऱ्या फडताळात ठेवण्यासाठी परवानगी लागावी, ही गोष्ट बोर्डन यांच्या काळातील ग्रंथपालाला समजावून सांगणे कठीण गेले असते.

या कोंडीतून वाट काढण्याचे प्रयत्न झाले. सॅन फ्रान्सिस्को येथील इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने, ग्रंथालयाकडे कागदी पुस्तक असेल तर त्याची प्रतिमा-प्रत करावी, कागदी प्रत बाजूस ठेवावी आणि तिच्याऐवजी ती प्रतिमा एका वेळी एकाच वाचकास द्यावी, अशी पद्धत सुरू केली. मार्च २०२० मध्ये शाळा व ग्रंथालये बंद पडताच तिने एका वेळी एकाच वाचकाचे बंधनही काही आठवड्यांपुरते उठविले. हॅशेट, हार्परकॉलिन्स, वायली आणि पेंग्विन रँडम हाउस या चार प्रकाशकांनी १ जून २०२० रोजी दावा दाखल केला. २४ मार्च २०२३ रोजी न्यायाधीश जॉन कोल्टल यांनी तो प्रकाशकांच्या बाजूने निकालात काढला, आणि ४ सप्टेंबर २०२४ रोजी अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला. संस्थेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली नाही. ५ लाखांहून अधिक पुस्तके तिला उसनी देण्याच्या यादीतून काढावी लागली.

कायदेमंडळाचा मार्गही फारसा खुला झाला नाही. मेरीलँड राज्याने २०२१ साली कायदा केला की, जे प्रकाशक राज्यातील सामान्य ग्राहकांस ई-पुस्तके देतात, त्यांनी ती वाजवी अटींवर ग्रंथालयांसही देऊ केली पाहिजेत. कॉपीराइट हा संघराज्याचा विषय असल्याने राज्याला असा कायदा करता येणार नाही, असे २०२२ साली न्यायालयाने ठरविले. युरोपात चित्र थोडे निराळे आहे. डच ग्रंथालयांच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने २०१६ साली असा निर्णय दिला की, एक प्रत एका वेळी एकाच वाचकास, या मर्यादेत ई-पुस्तक उसने देणे हे कागदी पुस्तक देण्यासारखेच धरता येईल, मात्र त्यासाठी लेखकास मोबदला मिळाला पाहिजे. ब्रिटननेही २०१८ पासून दूरस्थ वाचकांनी नेलेल्या ई-पुस्तकांसाठी लेखकांना सरकारी निधीतून रक्कम देण्यास आरंभ केला. तथापि जो प्रकाशक ग्रंथालयाला ई-पुस्तक देऊच इच्छीत नाही, त्याला ते देण्यास भाग पाडण्याची शक्ती या निर्णयांत नाही.

हा वाद अमेरिकेत आणि युरोपात रंगला असला, तरी आपल्याकडील ग्रंथालयांना तो परका नाही. पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ सालापासून चालत आलेले आहे. सत्तांतरे झाली, भाषा बदलल्या, पण पुस्तके राहिली. कारण ती संस्थेच्या मालकीची होती. वर्गणी आटली, अनुदान थकले, तरी कपाटातले पुस्तक कपाटात राहते आणि बरे दिवस आले की पुन्हा वाचकाच्या हाती जाते. परवान्यावर घेतलेल्या संग्रहाचे तसे नाही. एका वर्षी पैसे भरावयाचे राहिले, की तो संग्रह नाहीसा होतो. २०१२ च्या दुरुस्तीने भारतीय कायद्यात एक उपयुक्त कलम आले. ज्या ग्रंथाची कागदी प्रत आपल्याकडे आहे, तो ग्रंथ जतनासाठी इलेक्ट्रॉनिक साधनाने साठवून ठेवण्याची मुभा नफा न करणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयास त्याने दिली. वाळवीने आणि दमटपणाने ग्रासलेल्या जुन्या मराठी ग्रंथांच्या दृष्टीने हे कलम मोलाचे आहे. पण ते जतनाविषयी बोलते. साठविलेला ग्रंथ दूरच्या वाचकास उसना देण्याविषयी ते काही सांगत नाही.

येथे प्रश्न केवळ वाचकाच्या सोयीचा राहत नाही. २००९ च्या जुलै महिन्यात ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांची दोन पुस्तके, ती विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून, ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर काढून घेतली. पैसे परत मिळाले, पुढे कंपनीच्या प्रमुखांनी क्षमाही मागितली. तरी जे पुस्तक दुरून देता येते ते दुरून काढूनही घेता येते, एवढे त्या दिवशी सर्वांना कळून चुकले. समाजाने आपली स्मृती आजवर ग्रंथालयांकडे ठेव म्हणून दिली. प्रकाशनसंस्था बुडतात, पुस्तके बाजारातून जातात, लोकांची रुची पालटते. अशा वेळी कोणा ग्रंथालयात राहून गेलेली एकच प्रत पुढच्या पिढीस उपयोगी पडते. दोन वर्षांच्या परवान्यावर अशी ठेव सांभाळता येत नाही.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, आणि अखेरच्या सूत्रात ग्रंथालयास वाढत्या देहाची उपमा दिली. जे घेतले ते टिकून राहिले आणि त्यात नवे मिळत गेले, तरच देह वाढतो. लेखकाला त्याच्या श्रमाचा मोबदला देण्याची रीत डेन्मार्कने १९४६ साली दाखविली आणि ती आजही चालते. वाचकांची संख्या एका वेळी एक इतकी मर्यादित ठेवण्यास ग्रंथपालांची हरकत नाही. उरतो तो एकच मुद्दा. सार्वजनिक पैशाने घेतलेले पुस्तक, मग ते कागदावरचे असो की पडद्यावरचे, ग्रंथालयाच्या मालकीचे व्हावे की नाही? अकरा सेंटांच्या भांडणातून १९०८ साली या प्रश्नाला कागदापुरते उत्तर मिळाले होते. पडद्यावरच्या पुस्तकासाठी ते उत्तर आता कायदेमंडळांनाच द्यावे लागेल. ते मिळेपर्यंत ग्रंथालयाला स्वतःच्या फडताळातील पुस्तक वाचकास देण्यापूर्वी, ते आणखी किती दिवस आपल्याकडे आहे, हे पाहावे लागणार आहे.